छावणीतले घर कोणाच्या नावावर?

(महासंघाच्या कार्यकर्ता अभ्यास शिबिरात, घरांच्या प्रश्नावरील सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे "निर्वासितांची घरे व सरकारचा कारभार" हा विषय वाचून काही साथींनी सकाळी चहाच्या वेळीच आम्हाला गाठले. म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, आपल्या क्वार्टरचा स्लॅब गळतो आहे, आयओडब्ल्यूच्या तक्रारवहीत तीन वेळा लिहून झाले, आणि तुम्ही परक्यांच्या घरांवर बोलणार?" प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देणार नाही, पण उत्तराकडे येण्याआधी थोडे दक्षिणेकडे जाऊन यावे लागेल.

रामेश्वरमची यात्रा केलेले साथी इथे पुष्कळ असतील. मदुराईकडून जाताना पांबनचा पूल येण्याआधी दोन स्टेशने लागतात, एक मंडपम आणि त्याच्या अलीकडचे मंडपम कॅम्प. जुना पांबन पूल २४ फेब्रुवारी १९१४ ला सुरू झाला. डिसेंबर २०२२ पासून त्यावरून गाड्या बंद झाल्या आणि ६ एप्रिल २०२५ ला नव्या पुलाचे उद्घाटन होईपर्यंत गाड्या अलीकडेच थांबत. त्या काळात ज्यांनी तिकडे ड्यूटी केली किंवा यात्रा केली त्यांनी मंडपमचे ऊन चांगलेच खाल्ले असेल. आता स्टेशनला "कॅम्प" हे नाव का, असे विचारले तर कोणीही म्हणेल, श्रीलंकेच्या निर्वासितांची छावणी आहे म्हणून. पण नाव निर्वासितांच्या फार आधीचे आहे.

इंग्रजांच्या काळात सिलोनच्या चहामळ्यांना मजूर लागत. ते तिरुचिरापल्ली, मदुराई, रामनाडच्या दुष्काळी गावांतून कंगाणी, म्हणजे मुकादम, गोळा करून नेत. रेल्वे झाल्यावर ह्या मजुरांना मंडपमला उतरवून छावणीत ठेवीत. साथीचा रोग नाही ना ते बघत, देवी टोचत, आणि मग पूल ओलांडून धनुष्कोडी, तिथून बोटीने तलैमन्नार. बोट मेल हे नाव त्यातूनच आले. धनुष्कोडीची लाइन १९६४ च्या डिसेंबरमधल्या वादळात गेली. २२ तारखेच्या रात्री पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट आणि आपल्या रेल्वे कामगारांसकट समुद्राने गिळली. त्या रात्रीची आठवण दक्षिणेतल्या आपल्या युनियनवाल्यांत अजून निघते.

मजूर गेले, मळे उभे राहिले, आणि १९४८ मध्ये स्वतंत्र सिलोनने केलेल्या नागरिकत्वाच्या कायद्याने ह्याच मळेवाल्या मजुरांपैकी लाखो लोक बिनदेशाचे झाले. पुढे १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके ह्यांच्यात करार झाला. ५ लाख २५ हजार लोक भारताने घ्यायचे, ३ लाख सिलोनने ठेवायचे, उरलेल्या दीड लाखांचे नंतर बघायचे. माणसांची अशी वाटणी झाली, आणि माणसांना कोणी विचारले नाही. जे भारताकडे आले ते पुन्हा मंडपमच्याच छावणीतून आत आले. त्यांच्यासाठी तामिळनाडू सरकारने १९६८ पासून निलगिरीत चहाचे मळे लावले. तेच पुढे टॅनटी ह्या सरकारी कंपनीचे मळे झाले. तिथे काम मिळाले तर लाइनीतली खोली मिळायची, आणि काम संपले की खोलीही जायची. क्वार्टरमध्ये राहणाऱ्या माणसाला ह्यातली मेख वेगळी सांगायला नको.

मग जुलै १९८३ आला. कोलंबोत आणि इतरत्र तमिळांच्या कत्तली झाल्या आणि मासेमारीच्या होड्यांतून माणसे रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागू लागली. १९८३ ते १९८७ हा पहिला लोंढा, जून १९९० पासून दुसरा, १९९५ पासून तिसरा, २००६ पासून चौथा. तामिळनाडू सरकारने २०२१ मध्ये विधानसभेत दिलेला आकडा असा की, १९८३ पासून ३ लाख ४ हजार २६९ लोक आले. त्यातले किती तरी परत गेले, काही इतर देशांत गेले. त्या वर्षी २९ जिल्ह्यांतल्या १०८ छावण्यांत ५८ हजार ८२२ माणसे राहत होती, आणि छावणीबाहेर, पोलीस ठाण्यात नाव नोंदवून, आणखी ३४ हजार.

सरकारने ह्यांना राहायला काय दिले? घाईत जे हाताशी होते ते दिले. १९९० मध्ये माणसे एकदम आली तेव्हा सरकारी गोदामे, चक्रीवादळ निवारे, बंद पडलेल्या इमारती, जे रिकामे दिसले ते उघडून दिले. एका मोठ्या हॉलमध्ये साड्या बांधून दहा फूट बाय दहा फुटांच्या चौकटी पाडल्या, आणि एका चौकटीत एक कुटुंब. काही ठिकाणी डांबरी पत्र्याच्या झोपड्या बांधल्या. पहिल्या महिन्यात ह्याला कोणी नावे ठेवू नयेत. आग लागलेल्या घरातून आलेल्याला आधी छप्पर लागते, नकाशा नंतर काढता येतो. बांधवांनो, आमची तक्रार पहिल्या महिन्याबद्दल नाही. त्याच साडीच्या पडद्यामागे जन्मलेले मूल तिथेच शाळेत गेले, तिथेच त्याचे लग्न झाले, आणि त्याच दहा बाय दहामध्ये आणखी एक पडदा लागला, ही आमची तक्रार आहे. तात्पुरते म्हणून जे केले ते तीस वर्षे तात्पुरतेच राहिले.

ह्याला कारभाराची एक पद्धत कारणीभूत आहे. भारताने १९५१ च्या जागतिक निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांचा वेगळा कायदाही नाही. मग कायद्याच्या भाषेत ही माणसे कोण? परदेशी. आणि कागद नसलेला परदेशी म्हणजे बेकायदा. तरीही सरकारने त्यांना आसरा दिला, भत्ता दिला, रेशन दिले, शाळा-दवाखाना दिला. हे मोठेपण आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण जे दिले ते हुकमाने दिले, हक्काने नव्हे. खर्च राज्याने करायचा आणि केंद्राने भरून द्यायचा. छावणी बघणार महसूल खाते, नजर ठेवणार क्यू ब्रँचचे पोलीस. रेशनची तक्रार तहसीलदाराकडे, बाहेरगावी जायची परवानगी दुसरीकडे, आणि "आमचे पुढे काय" हे विचारायचे तर दिल्ली. आपल्याकडे एका खिळ्यासाठी इंजिनीअरिंगने स्टोअर्सकडे आणि स्टोअर्सने अकाउंट्सकडे बोट दाखवावे, तशीच ही तऱ्हा.

वातावरणाचाही परिणाम होतो. मे १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली. गुन्हा एका संघटनेचा, पण दाराला कडी लागली ती साऱ्या छावण्यांच्या. संध्याकाळची हजेरी कडक झाली, मुलांच्या कॉलेजप्रवेशावर गदा आली, मदत करणाऱ्या संस्थांना छावणीत यायची बंदी झाली. १९९२ पासून परत पाठवणी सुरू झाली आणि १९९५ पर्यंत सुमारे ५४ हजार लोक परत गेले. ते राजीखुशीने जात आहेत ना हे विचारायला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाला पाठवणी सुरू झाल्यावर मध्येच बोलावले गेले. ज्याचे घर सरकारच्या मर्जीवर आहे त्याची राजीखुशी कशी मोजणार, हा प्रश्न आम्ही आपल्यापुढे ठेवतो.

२०२१ मध्ये मात्र एक बदल झाला, आणि तोही सांगितलाच पाहिजे, नाही तर आम्ही फक्त रडगाणे गातो असे होईल. ऑगस्ट २०२१ मध्ये मुख्यमंत्री स्टॅलिन ह्यांनी ३१७ कोटी ४० लाख रुपयांची योजना जाहीर केली. त्यात मोडकळीला आलेल्या ७ हजार ४६९ घरांच्या जागी नवी घरे बांधायची होती. निर्वासित छावणी हे नाव काढून पुनर्वसन छावणी म्हणायचे ठरले. कुटुंबप्रमुखाचा भत्ता महिना १,००० वरून १,५०० रुपये, इतर मोठ्या माणसांचा ७५० वरून १,००० आणि मुलांचा ४०० वरून ५०० केला. नोव्हेंबर २०२१ मध्ये वेल्लूर जिल्ह्यात पायाभरणी झाली आणि नंतर पक्की घरे उभी राहिली. घर सुमारे ३०० चौरस फुटांचे, त्यात स्वयंपाकघर आणि संडास. मुंबईतल्या किती तरी साथींना ऐकून हेवा वाटेल.

आम्ही मागे मदुराईच्या बैठकीहून येताना वाट वाकडी करून अशा एका छावणीच्या बाहेरपर्यंत गेलो होतो. आत जायला परवानगी लागते, ती काढायला वेळ नव्हता. सोबत मदुराई डिव्हिजनचे एक ट्रॅक मेंटेनर साथी होते, तेच दुभाषे. चहाच्या टपरीवर एक रंगारी भेटला. वय पस्तीस-छत्तीस, जन्म छावणीतला, श्रीलंका त्याने पाहिलेली नाही. ह्या लोकांत रंगकाम करणारे पुष्कळ, कारण त्याला ना सर्टिफिकेट लागते ना जमीन. घर नवे मिळाले, बरे आहे, म्हणाला. मग आम्ही मजुरी विचारली. लांबच्या शहरात जास्त मिळते, पण ठरलेल्या दिवशी हजेरीला छावणीत असावे लागते. हजेरी चुकली की भत्ता अडकतो आणि यादीतले नाव धोक्यात येते. म्हणून तो जवळचे काम धरतो, आणि जवळच्या ठेकेदाराला ते ठाऊक आहे. गावातल्या रंगाऱ्यापेक्षा दिवसाला दीड-दोनशे रुपये कमी देतो. "कोठे तक्रार करणार?" हे त्याने तक्रारीच्या सुरात विचारले नाही. दर सांगावा तसे सांगितले.

साथींनो, आमच्या भाषणाचा मुद्दा ह्या दीडशे रुपयांत आहे. सरकार घर कसे देते ह्यावर माणसाची मजुरी ठरते. घर हक्काचे असेल तर माणूस चार ठेकेदारांशी भाव करील. घर हजेरीला बांधलेले असेल तर ठेकेदार त्याच्याशी भाव करील. आणि तो ठेकेदार फक्त निर्वासितालाच कमी देऊन थांबत नाही. दुसऱ्या दिवशी तो गावातल्या रंगाऱ्याला म्हणतो, "ह्या दरात करतोस, नाही तर माझ्याकडे माणसे आहेत." स्टेशनची रंगरंगोटी, पुलांचे रंगकाम, क्वार्टरची दुरुस्ती ही कामे आज कोणाकडून होतात? ठेकेदाराकडून. आपल्या खलाशांची आणि पेंटरची पदे कशी भरायची राहिली, सरेंडर झाली, हे आम्ही नव्याने सांगायला नको. त्या जागी जो स्वस्त मजूर उभा आहे त्याचे घर कोणाच्या नावावर आहे, हा मग परक्याचा प्रश्न राहत नाही. गळक्या स्लॅबवाल्या साथींना आमचे हे उत्तर आहे. स्लॅबसाठी आपण भांडूच, पीएनएमच्या पुढच्या बैठकीत तो विषय घातलेला आहे.

कोणी म्हणेल, मग करायचे कसे? ह्या देशात ते करून झालेले आहे. कल्याणच्या साथींनी हात वर करा. उल्हासनगर काय होते? दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, बराकींच्या रांगा. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे ९० हजार माणसे तिथे ठेवली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचे उल्हासनगर असे नाव झाले. अजूनही रिक्षावाले कॅम्प नंबर चार, कॅम्प नंबर पाच असेच म्हणतात. पण तिथला माणूस पहिल्या दिवसापासून ह्या देशाचा नागरिक होता. कोणी पापड लाटले, कोणी लोकलमध्ये गोळ्या विकल्या, कोणी यंत्र टाकले. हजेरीला परत यायची अट नव्हती. पुढे १९५४ च्या कायद्याने विस्थापितांना नुकसानभरपाई आणि जागा-घराची मालकी मिळायचा रस्ता झाला. आज तिथे बेकायदा मजले आणि पडणारे स्लॅब हे वेगळे दुखणे आहे, त्याचा आम्ही बचाव करीत नाही. पण बराकीचे गाव झाले ते कामाच्या मोकळिकीने आणि मालकीच्या कागदाने झाले.

दुसरी एक वाट आहे, तिच्यापासून मात्र सावध केले पाहिजे, कारण आपल्याकडे कोणतीही अडचण आली की "खासगीला द्या" म्हणणारे तयार असतात. ब्रिटनमध्ये आश्रय मागायला आलेल्यांच्या घरांचे काम सरकारने २०१९ मध्ये दहा वर्षांसाठी तीन खासगी कंपन्यांना दिले. अंदाज होता साडेचार अब्ज पौंडांचा. तिथल्या सरकारी हिशेबतपासनिसांनी मे २०२५ मध्ये सांगितले की हा खर्च १५.३ अब्ज पौंडांवर जाईल. अर्ज लवकर निकालात निघेनात, साधी घरे मिळेनात, म्हणून माणसे हॉटेलात ठेवली. त्या अहवालाप्रमाणे ह्या योजनेतली ३५ टक्के माणसे हॉटेलात होती आणि वर्षाच्या खर्चातले ७६ टक्के हॉटेलांवर जात होते. म्हणजे माणूस जितका अडकून राहील तितके बिल मोठे. आश्रय मागणाऱ्याला पहिले वर्षभर काम करायला मनाई, आणि मग लोक म्हणणार की हे फुकट खातात. ऑगस्ट २०२४ मध्ये रॉदरहॅमजवळ अशा हॉटेलाला जमावाने आग लावायचा प्रयत्न केला, आत माणसे होती. पैसा कंपनीने नेला आणि राग निर्वासितावर निघाला. तिथल्या सरकारी नोकरांच्या पीसीएस युनियनने मात्र हा विषय आपला मानला. ह्याच लोकांना रवांडाला पाठवायच्या योजनेविरुद्ध ती युनियन २०२२ मध्ये कोर्टात गेली. योजना राबवायची होती ती त्यांच्याच सभासदांच्या हातून. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ती योजना बेकायदा ठरवली आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने ती सोडून दिली.

परत मंडपमकडे येऊ. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान हे तीन देश आले, श्रीलंका आली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने एक सवलत दिली. ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या आणि नोंद झालेल्या श्रीलंकन तमिळांना कागद नसल्याबद्दलच्या शिक्षेतून वगळले. हे पाऊल चांगले आहे, पण शिक्षा होणार नाही म्हणजे नागरिकत्व मिळाले असे नव्हे. आणि मार्च २०२२ पासून श्रीलंकेतल्या महागाईने आणि उपासमारीने जी कुटुंबे धनुष्कोडीच्या वाळूवर उतरली व मंडपमला ठेवली गेली, ती ह्या तारखेच्या बाहेरच राहिली. गंमत बघा. छावण्यांतली पुष्कळ कुटुंबे मुळात त्या चहामळ्यांतल्या मजुरांचीच आहेत. पणजोबा मंडपमच्या छावणीतून गेला तेव्हा तो हिंदुस्थानचा होता. पणतू त्याच छावणीत जन्मला तर तो परदेशी. १ जुलै १९८७ पूर्वी इथे जन्मलेल्यांना कायद्याने जन्माचे नागरिकत्व आहे. त्या आधारावर एका महिलेने मद्रास हायकोर्टातून २०२२ मध्ये पासपोर्टचा हुकूम मिळवला आणि २०२४ च्या लोकसभेला मत दिले. पण त्या तारखेनंतर जन्मलेल्यांचे काय? आमच्या रंगाऱ्याचे काय? सरकारने बांधलेले नवे घर परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. तो त्यात राहतो इतकेच.

पोस्टाच्या साथींना एक सांगतो. ह्या लोकांचा पत्ता तुमच्याच हातातून जातो. जिल्हा, छावणी, रांग, खोली नंबर. कॅनडाहून भावाचे, जाफन्याहून बहिणीचे पत्र ह्या पत्त्यावर तुमच्याच माणसाने तीस-चाळीस वर्षे पोचवले. ती माणसे तिथे राहत होती ह्याचा पोस्टमनइतका जुना साक्षीदार दुसरा नाही. नागरिकत्वाच्या अर्जाला वास्तव्याचा पुरावा लागतो तेव्हा पोस्टाचा शिक्का असलेली जुनी पाकिटे उपयोगी पडू शकतात. तिकडच्या आपल्या पोस्ट युनियनच्या शाखांनी ह्या कामात लोकांना मदत करावी, अशी आमची विनंती आहे.

आता ठराव. मसुदा तुमच्या फाईलमध्ये आहे. पहिला भाग आपल्या घरचा आहे. रेल्वेच्या ठेक्याच्या कामावर छावणीतला मजूर असो की गावातला, किमान वेतन आणि त्या कामाचा चालू दर दोघांना सारखा. किमान वेतनाचा कायदा मजुराला नागरिकत्व विचारत नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर मुख्य मालकाने द्यावा हे तत्त्व १९७० च्या ठेका कामगार कायद्यात होते, त्याच्या जागी आलेल्या संहितेतही ते आहे. तेव्हा शाखांनी कामावर जाऊन मजुरीचे रजिस्टर बघावे आणि कमी दर दिसला तर डिव्हिजनला लेखी कळवावे. दुसरा भाग केंद्र सरकारला उद्देशून आहे. इथे जन्मलेल्यांना नागरिकत्वाचा रस्ता द्यावा, आणि तो मिळेपर्यंत कामासाठी कुठेही जायची मोकळीक व राहत्या घराचा लेखी हक्क द्यावा, हजेरीशी न बांधलेला. ज्यांना परत श्रीलंकेला जायचे आहे त्यांना सरकारी खर्चाने, कागदपत्रांसह आणि आपल्या मर्जीने जाता यावे. तसे जाऊ इच्छिणारेही आहेत, सगळ्यांना एका मापाने मोजू नये.

दोन शाखांनी दुसऱ्या भागाला विरोध कळवला आहे. त्यांचे म्हणणे आहे की हा राजकीय विषय आहे, महासंघाने फक्त मजुरीचे बघावे. त्यांनी ते लेखी आणि सभ्य भाषेत कळवले ह्याबद्दल त्यांचे आभार. पण रंगाऱ्याची दीडशे रुपयांची तूट दुसऱ्या भागातून आलेली आहे. पहिला भाग एकटा पास करून आपण रजिस्टर तपासायला जाऊ, तेव्हा तो मजूर घाबरून पूर्ण दरावरच अंगठा देईल, कारण त्याला रात्री कोठे जायचे आहे हे ठेकेदाराला माहीत आहे. म्हणून आमची विनंती अशी की दोन्ही भाग एकत्र मताला टाकावे. विरोध असलेल्या साथींनी जेवणानंतरच्या चर्चेत आधी बोलावे, आम्ही शेवटी उत्तर देऊ. सुधारणा सुचवायच्या असतील तर त्या लेखी, अडीचच्या आत, अध्यक्षांकडे द्याव्यात.